आधी सरळ, मग खाली, मग रुंद : जुन्या स्पिटफायरचं सस्पेन्शन आणि बॉडी

(ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.)

हेडफोन लावलेत ना? नसतील तर स्क्रोल करत राहा, चालेल.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून निघाला. तो इंग्लंडमध्ये शिकतो. तिथल्या दोन मित्रांबरोबर वर्गणी काढून त्याने १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर घेतलीय. छोटी, दोन सीटची, वरून उघडी. त्याचा प्रश्न असा : "गाडी दोन इंच खाली बसवायचीय, रुंद टायर टाकायचेत आणि चाकांवरच्या कमानी फुगवायच्यात. पैसे मोजकेच आहेत. आधी कशावर खर्च करू?"

माझं उत्तर एका वाक्यात : दाराखालच्या पत्र्यावर.

हे ऐकून तो खट्टू झाला असेल. सस्पेन्शनबद्दल विचारलं आणि हा पत्र्याबद्दल बोलतोय! पण या गाडीत या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. त्या कशा जोडलेल्या आहेत ते कळलं, की कोणत्याही जुन्या छोट्या स्पोर्ट्स कारकडे बघायची नजर बदलते. आणि हा फक्त दिसण्याचा मामला नाही. या गाडीच्या मागच्या चाकांची एक खोड आहे. चुकीचा बदल केला तर ती खोड वळणावर गाडी उलटवू शकते. म्हणून आज जरा निवांत, पायरी पायरीने जाऊ.

गाडी नेमकी कोणती?

ट्रायम्फ स्पिटफायर लोकांसमोर आली ऑक्टोबर १९६२ मध्ये, लंडनच्या मोटार शोमध्ये. डिझाईन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचं. तेव्हा ट्रायम्फ ही स्टँडर्ड-ट्रायम्फ या कंपनीची गाडी होती, आणि कंपनीची तिजोरी रिकामी होती. त्यामुळे नव्या गाडीचा नमुना तयार असूनही एका कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी विकत घेतली, नव्या साहेबांनी ते कापड उचललं आणि गाडीला हिरवा कंदील मिळाला.

पैसे वाचवायचे म्हणून नवी चासी बनवलीच नाही. १९५९ च्या ट्रायम्फ हेराल्ड या घरगुती गाडीची चासी घेतली, आखूड केली आणि तिच्यावर नवी बॉडी चढवली. पहिल्या गाडीचं इंजिन ११४७ सीसीचं, ताकद ६३ हॉर्सपॉवर. आज आपल्याकडच्या हॅचबॅकला याहून जास्त ताकद असते. पण या गाडीचं वजन होतं सातशे किलोंच्या आसपास, त्यामुळे ती चपळ वाटायची. १९८० पर्यंत पाच आवृत्त्यांमध्ये मिळून तीन लाखांच्या वर गाड्या बनल्या. आपल्या श्रोत्याची १९६८ ची म्हणजे तिसरी आवृत्ती, मार्क थ्री, १२९६ सीसी इंजिनाची.

आता लक्षात ठेवा : घरगुती गाडीची चासी, आणि तिच्याबरोबर आलेलं घरगुती गाडीचं मागचं सस्पेन्शन. सगळी गंमत तिथे आहे.

मागची चाकं मुडपतात म्हणजे काय?

ट्रक किंवा जुनी जीप खालून बघितली असेल तर मागे एक आडवा, सलग, जाड एक्सल दिसतो. दोन्ही चाकं त्याच्या टोकांना. एक चाक खड्ड्यात गेलं तर अख्खा एक्सल तिरका होतो, पण दोन्ही चाकं एकमेकांशी सरळच राहतात.

स्पिटफायरमध्ये तसं नाही. मधे डिफरन्शियल चासीला घट्ट बसवलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा, म्हणजे हाफशाफ्ट. दांड्याच्या आतल्या टोकाला एक क्रॉस, म्हणजे यूजे. बाहेरच्या टोकाला चाक. दांडा क्रॉसपाशी वरखाली हलतो, पण चाकापाशी तो हलत नाही, तिथे तो चाकाला काटकोनात पक्का आहे. याला म्हणतात स्विंग एक्सल. आणि या दोन्ही बाजूंचं वजन पेलायला डिफरन्शियलच्या डोक्यावर एक आडवे पाटे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत.

आता तुमचा हात बाजूला सरळ पसरा आणि पंजा काटकोनात खाली वळवा. खांदा म्हणजे क्रॉस, हात म्हणजे दांडा, पंजा म्हणजे चाक. हात वर नेला की बोटांची टोकं बाहेर जातात. हात खाली नेला की टोकं आत, तुमच्या अंगाकडे येतात. चाकाचंही तसंच. गाडी खाली दबली की चाकाचा तळ बाहेर फाकतो, डोकं आत कलतं. गाडी वर उचलली गेली की तळ आत शिरतो, चाक पोटाखाली मुडपतं. चाकाच्या या कलण्याला कॅम्बर म्हणतात. डोकं आत कललं तर निगेटिव्ह, डोकं बाहेर कललं तर पॉझिटिव्ह.

मग वळणावर काय होतं? वळताना बाहेरच्या चाकावर सगळा भार येतो आणि रस्ता त्या टायरला आतल्या बाजूला ढकलतो. घरातली शिडी भिंतीला टेकवून ठेवलीय असं समजा. शिडीचे पाय भिंतीकडे ढकलले की वरचं टोक काय करतं? भिंतीवर वर सरकतं. इथे शिडी म्हणजे टायरच्या तळापासून क्रॉसपर्यंतची तिरकी रेघ. टायर आत ढकलला गेला की क्रॉस वर उचलला जातो, आणि त्याच्याबरोबर गाडीची मागची बाजूही. मागची बाजू उचलली गेली की चाक आणखी मुडपतं. चाक मुडपलं की टायरची पकड कमी होते.

आता यात ड्रायव्हरची भर घाला. वळण जरा जास्तच आहे असं वाटलं की आपण घाबरून पाय उचलतो, किंवा ब्रेक मारतो. वजन पुढे धावतं, मागची बाजू आणखी हलकी होते, आणखी उचलली जाते. जिथे पकड सर्वात जास्त हवी, नेमकी तिथेच ती सुटते. मागची बाजू फटकन बाहेर येते. घाटातल्या वळणावर हे झालं तर सावरायला जागा असते का, तुम्हीच सांगा.

ही खोड एकट्या स्पिटफायरची नव्हती. जुन्या बीटललाही स्विंग एक्सल होता. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्वेअरच्या अशाच मागच्या सस्पेन्शनवर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकात पहिलंच प्रकरण लिहिलं.

कारखान्याने काय केलं? नेमकं उलटं

आपली पहिली कल्पना काय असते? मागची बाजू नाचतेय, मग कडक करा. जाड पाटे, कडक शॉकअब्सॉर्बर. कडक म्हणजे स्पोर्टी!

ट्रायम्फच्या इंजिनिअरांनी १९७० च्या मार्क फोरमध्ये याच्या उलट केलं. आधी पाट्यांचा अख्खा गठ्ठा डिफरन्शियलला घट्ट आवळलेला असायचा. त्यांनी एक पातं सोडून बाकीची पाती मधल्या भागात मोकळी केली, म्हणजे ती तराजूच्या दांडीसारखी डोलू शकतील. याला स्विंग स्प्रिंग म्हणतात. खड्डा आला, दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर सगळी पाती मिळून भार घेतात. पण वळणावर गाडी एका बाजूला कलली, तर गठ्ठा नुसता डोलतो, विरोध फारसा करत नाही. त्यामुळे मागच्या बाहेरच्या चाकावर येणारा भार कमी झाला, उचललं जाणंही कमी झालं.

मग गाडी जास्त कलणार, ते कोण थांबवणार? त्यासाठी पुढे जाड अँटीरोल बार दिला. म्हणजे मागचं काम काढून पुढच्याला दिलं. पुढे मागच्या चाकांमधलं अंतरही साधारण दोन इंचांनी वाढवलं.

याच चासीवर सहा सिलिंडरचं दोन लिटर इंजिन बसवलेली जीटी६ नावाची बंद टपाची बहीण १९६६ मध्ये आली होती. तिला जास्त ताकद आणि तेच सस्पेन्शन, त्यामुळे टीका जास्त झाली. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला मागे खालून एक विशबोन आणि दांड्यात रबरी जोड दिला, म्हणजे चाकाचं मुडपणंच थांबलं. उपाय चांगला, पण महाग.

आपल्या श्रोत्यासाठी यातला धडा सरळ आहे. त्याच्या १९६८ च्या गाडीला जुने, घट्ट आवळलेले पाटे आहेत. पुढच्या आवृत्तीची स्विंग स्प्रिंग या गाडीत बसवता येते, अनेक मालक बसवतात. पण नुसती ती बसवू नका. पुढचा जाड अँटीरोल बारही बरोबर घ्या. नाहीतर गाडी वळणावर होडीसारखी कलेल आणि तुम्ही म्हणाल, पैसे पाण्यात गेले.

खाली बसवायची, पण किती?

आता दोन इंचांचा हिशोब करू. दहावीची भूमिती पुरे.

मागचा दांडा क्रॉसपासून चाकापर्यंत साधारण अर्धा मीटर लांब धरा, म्हणजे ५०० मिलिमीटर. गाडी एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर खाली आणली की दांड्याचं बाहेरचं टोक तेवढंच वर जातं. ५०० ला २५, म्हणजे कोन जवळपास ३ अंशांनी बदलला. दोन इंच खाली आणली तर जवळपास ६ अंश. सलग एक्सलच्या गाडीत खाली आणल्याने कॅम्बर बदलत नाही. इथे उंची आणि कॅम्बर एकाच दोरीला बांधलेत.

थोडा निगेटिव्ह कॅम्बर या गाडीला मानवतो. चाक मुडपण्यापासून आधीच लांब असतं आणि क्रॉस खाली आल्याने आपली ती शिडीही जरा आडवी होते, उचलण्याचा जोर कमी होतो. म्हणून एखाद-दुसऱ्या अंशापर्यंत खाली बसवणं हा दिखावा नाही, खरोखरची सुधारणा आहे. पण ६ अंशांवर टायर फक्त आतल्या काठावर उभा राहतो. सरळ रस्त्यावर ब्रेकची पकड घटते, टायर आतून झिजतो, आणि खड्ड्यात चाकाला वर जायला जागाच उरत नाही. रबरी स्टॉपवर दणका बसला की सस्पेन्शन संपलं, आता तुमची पाठ हीच स्प्रिंग.

खाली आणायची सोपी पद्धत म्हणजे डिफरन्शियल आणि पाट्यांच्या मधे धातूचा ठोकळा टाकणं. पाटे वर उचलले जातात, चाकं वर जातात, गाडी खाली येते. स्वस्त, आणि पुन्हा काढता येतं. पण त्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, पन्नास-साठ वर्षांचे पाटे आधीच बसलेले असतात. तुमची गाडी न सांगता एक इंच खाली गेलेली असू शकते. त्यात ठोकळा टाकला तर हिशोब दुप्पट.

दोन, मोजमाप जॅकवरून उतरवल्या उतरवल्या घेऊ नका. जॅकवर चाकं मुडपलेली असतात, खाली ठेवली तरी टायर जमिनीला चिकटून तशीच राहतात. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, दोघांचं वजन सीटवर बसवा, मग मोजा.

तीन, शॉकअब्सॉर्बर. या गाडीत चाक किती खाली लटकू शकतं हे शेवटी शॉकअब्सॉर्बरची लांबी ठरवते. दुसऱ्या गाडीचा लांब शॉक स्वस्तात मिळाला म्हणून टाकला, तर चाकाला मुडपायला आणखी मोकळीक दिली असं होईल. लांबी बरोबर हवी, कडकपणा नंतर.

आणि एक इशारा. आडवे पाटे असोत की पुढच्या कॉइल स्प्रिंग, दाबलेल्या स्थितीत त्यांच्यात हात तोडण्याइतका जोर असतो. योग्य कॉम्प्रेसर आणि लिफ्टर टूलशिवाय, यूट्यूब बघून, एकट्याने हे काम करायचं नाही. गाडीखाली जाताना जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, स्टँड लावायचे.

बॉडी सस्पेन्शनचा भाग कशी?

आता येऊ दाराखालच्या पत्र्याकडे.

हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंना बाहेर आलेले लांब हात होते, बॉडी त्यांच्यावर टेकायची. स्पिटफायरमध्ये चासी मधल्या कण्यासारखी ठेवली आणि बाजूचे ते हात काढून टाकले. मग बाजूंची ताकद कुठून आणली? दाराखालच्या सिलमधून. सिल म्हणजे गाडीचा उंबरठाच म्हणा. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोघांच्या मधे मजबुतीचा तिसरा पत्रा, असा तो पोकळ खोका असतो. वर टप नाही, त्यामुळे गाडी मधे वाकू न देण्याचं काम या दोन उंबरठ्यांवर आहे.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. मागच्या चाकाला पुढे-मागे सरकू न देणारा एक दांडा असतो, रेडियस आर्म. त्याचं एक टोक चाकाच्या बाजूला. दुसरं टोक कुठे? चासीवर नाही, बॉडीवर. सीटच्या मागे, जिथे फ्लोअर वर वळतो, त्या पत्र्यावर. मागचं चाक सरळ बघतंय की नाही, हे तिथे घातलेल्या पातळ चकत्यांनी म्हणजे शिमने ठरवलं जातं.

आता विचार करा. तो पत्रा आणि शेजारचा सिल गंजलाय. वरून छान पेंट, खाली पुट्टी. वळणावर जोर आला की पत्रा किंचित लवतो, रेडियस आर्म सरकतो आणि मागचं चाक आपोआप थोडं वळतं. म्हणजे स्टिअरिंग तुमच्या हातात आणि दुसरं स्टिअरिंग गंजाच्या हातात! अशा गाडीला महागडे शॉक लावणं म्हणजे भिंत ओली असताना वर वॉलपेपर लावण्यासारखं आहे.

तपासायचं कसं? गाडी सपाट जागी उभी करा. दार आणि मागच्या पत्र्यामधली फट वर आणि खाली मोजा. मग मागून जॅक लावून थोडी उचला आणि पुन्हा मोजा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर उंबरठा थकलाय. खालून नुसता नवा चकचकीत सिल दिसला तरी खूश होऊ नका. गंजलेल्या सिलवर नवा पत्रा झाकण म्हणून चिकटवलेल्या गाड्या भरपूर असतात. आत बघा.

सिल बदलायचे असतील तर क्रम असा. आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड किंवा बोल्ट करून बॉडी धरून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. दार पुन्हा पुन्हा लावून फट बघत राहा. हे केलं नाही तर बॉडी मधे केळ्यासारखी वाकते आणि त्याच स्थितीत वेल्ड होते. मग आयुष्यभर दार लागत नाही. आणि वेल्डिंगआधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकीही काढा. या गाडीत टाकी सीटच्या मागच्या पडद्यामागेच असते, तुमच्या ठिणग्यांच्या शेजारी.

पुढची बाजू : तेल, ग्रीस नव्हे

पुढचं सस्पेन्शन चांगलं आहे. दोन विशबोन, कॉइल स्प्रिंग, अँटीरोल बार. एक जागा मात्र जपायची. चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचं खालचं टोक आट्यांचं आहे आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतं. स्टिअरिंग वळवलं की ते स्क्रूसारखं थोडं फिरतं. तिथे घट्ट गिअर ऑइल घालायचं असतं, ईपी ९० दर्जाचं. ग्रीस भरलं तर ते आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, लोखंड गंजतं. एक दिवस दांडा तुटतो आणि पुढचं चाक आडवं होतं.

खाली बसवलेल्या, रुंद टायरच्या गाडीत या टोकावरचा जोर आणखी वाढतो. म्हणून पुढच्या स्प्रिंग बदलण्याआधी ट्रनियन उघडा, आट्या तपासा, रबरी बुश नवे टाका. जुने बुश बदलल्यावर अनेकांना वाटतं, अरे, गाडी तर अशीच चांगली आहे, आता आणखी काय करायचं! खरंच, या पैशांत मिळणारी सर्वात मोठी सुधारणा बहुतेक वेळा हीच असते.

आता रुंद चाकं आणि फुगलेल्या कमानी

मंडळी, ज्याची वाट बघत होतात ते आलं.

स्पिटफायरची चाकं १३ इंची, शेवटच्या आवृत्तीत टायर १५५ रुंदीचे. समजा १५५/८० च्या जागी १७५/७० टाकले. गणित करा : पहिल्याचा व्यास साधारण ५७८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५७५. म्हणजे उंची जवळपास तीच, स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, आणि पकड वाढते. एवढ्यावर थांबलात तर बहुतेक वेळा कमानीला हातही लावावा लागत नाही. मागच्या कमानीची आतली कड टायरला लागते का तेवढं बघा. बघताना चाक वर दाबून बघा, कारण इथे चाक वर जाताना कलतं. उभ्या गाडीत मोकळी दिसणारी जागा खड्ड्यात संपते.

याहून रुंद जायचं असेल तर चाक बाहेर सरकतं. बाहेर सरकलं की बेअरिंग आणि स्टब एक्सलवरची तरफ लांब होते. पुढच्या चाकात स्टिअरिंग जड होतं, रस्त्यातली प्रत्येक भेग हाताला कळते. कमानी फुगवून जागा होईल, पण ज्या बेअरिंगवर भार पडतो ते फुगत नाही.

कमानी दोन प्रकारे फुगवतात. मूळ पत्रा कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, किंवा फायबरग्लासच्या कमानी वरून चिकटवायच्या किंवा स्क्रूने बसवायच्या. फायबरची स्वस्त, पण जोडाच्या फटीत पाणी आणि माती बसली की मूळ पत्रा आतून सडतो. दोन वर्षांनी कमान नवी आणि तिच्यामागे पत्राच नाही.

पुढे तर अख्खं नाक, दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट मिळून एकच तुकडा आहे. तो पुढे बिजागरीवर उघडतो. इंजिनवर काम करायला झकास. त्याच्या जागी फायबरग्लासचा तुकडा मिळतो, वजन वाचतं. पण नाक हलकं झालं की पुढच्या स्प्रिंगवरचा भार कमी होतो, गाडी पुढून वर येते. तुम्ही काळजीपूर्वक बसवलेली उंची पुन्हा मोजायची वेळ. बघा, पत्रा बदलला आणि सस्पेन्शन बदललं!

याचं मोठं उदाहरण एमजीबीचं आहे. अमेरिकेच्या बंपर आणि हेडलाइटच्या उंचीच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस तिला मोठे काळे रबरी बंपर दिले आणि गाडी एक-दीड इंच वर उचलली. त्यात खर्च वाचवायला अँटीरोल बारही काढला. गाडी वळणावर इतकी कलायला लागली की दोन-एक वर्षांत कंपनीला अँटीरोल बार परत द्यावे लागले. बदल बंपरचा, किंमत मोजली सस्पेन्शनने.

आणि चांगलं उदाहरण हवं असेल तर ट्रायम्फचंच घ्या. १९६४ आणि १९६५ मध्ये कंपनीच्या स्पिटफायर ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरल्या. बॉडी ॲल्युमिनियमची, मागे उतरतं टप फायबरग्लासचं, म्हणजे हवा कापायला सोपं. १९६५ मध्ये त्यांनी आपला वर्ग जिंकला. तिथे बॉडीतला प्रत्येक बदल वजन किंवा हवा यासाठी होता. सेल्फीसाठी एकही नव्हता.

आपल्याकडचा धागा

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्लंडचं, आपलं काय? तर आपलंही आहे. ज्या हेराल्डच्या चासीवर स्पिटफायर उभी राहिली, ती हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनायची, स्टँडर्ड हेराल्ड नावाने. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या गल्लीत एखादी असेल. तिलाही तेच आडवे पाटे, तोच स्विंग एक्सल. आणि १९७२ मध्ये त्याच कंपनीने स्टँडर्ड गॅझेल काढली, त्याच ९४८ सीसी इंजिनाची, पण मागे सलग, सरळ एक्सल. आपल्या रस्त्यांवर, भरलेल्या गाडीत, कोपऱ्यावरच्या गॅरेजला जमेल असा उपाय हाच. प्रत्येक समस्येचं उत्तर रेसिंग शॉकमध्ये नसतं.

भारतात जुनी गाडी बदलायची असेल तर कायदाही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठी कापाकापी झाली असेल तर तो मान विसरा. म्हणून जे कराल ते परत काढता येईल असं करा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी लावून ठेवा. इंग्लंडमधल्या मंडळींनी प्रत्येक बदल इन्शुरन्स कंपनीला कळवायचा. न कळवता अपघात झाला तर क्लेम अडकू शकतो.

थोडक्यात क्रम

स्क्रीनशॉट काढायचा असेल तर इथे काढा.

१. सिल, फ्लोअर आणि रेडियस आर्मची जागा. गंज काढा, फटी सरळ करा.

२. ट्रनियन, बुश, क्रॉस, बेअरिंग. झिजलेलं सगळं मूळ मापाचं नवं.

३. मागे स्विंग स्प्रिंग आणि पुढे जाड अँटीरोल बार, जोडीने.

४. उंची. मागचा कॅम्बर मोजून, दोन माणसांच्या वजनासह. एक इंचाच्या पुढे जायची घाई नको.

५. योग्य लांबीचे शॉकअब्सॉर्बर. मग चाकं सरळ करून घेणं, म्हणजे अलाइनमेंट.

६. टायर. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा जास्त हवा, मॅन्युअलमध्ये लिहिलीय तशी.

७. आणि एवढं करून पैसे उरले, तर कमानी.

प्रत्येक पायरीनंतर गाडी चालवा, रिकाम्या रस्त्यावर, हळू. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे बरं झालं आणि कशामुळे बिघडलं हे कधीच कळत नाही. आणि कितीही बदल केले तरी स्विंग एक्सलची गाडी वळणाच्या मधोमध पाय उचललेला सहन करत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, आत शिरल्यावर पाय हलका पण स्थिर ठेवायचा. हा बदल फुकट आहे आणि सगळ्यात आधी करायचाय.

पुढच्या भागात ब्रेक. जुन्या गाडीला डिस्क ब्रेक लावले की काय काय बदलतं ते बघू. तुमच्या घरात, गल्लीत, गावात एखादी हेराल्ड किंवा गॅझेल अजून उभी असेल तर मागच्या चाकांचा फोटो पाठवा. उभी असताना चाकं कशी कललीत ते बघून पाट्यांची तब्येत बरीचशी सांगता येते. भेटू लवकरच, तोवर सांभाळून चालवा!